धोट्याचं तोंड

मी लालबागची. म्हंजे जन्म इथला, शाळा जेवढी झाली तेवढी इथली, लग्न होऊन गेली ती पण दोन गल्ल्या पलीकडे, आणि नवरा गेल्यावर परत बापाच्या खोलीत आली ती इथंच. मूळ गाव रत्नागिरीकडलं, पण गावाला आमचं होतं काय, एक पडवी आणि गावाबाहेरची वाट. आमी बौद्ध, आधीचे महार. बाबांनी धर्म घेतला तेव्हा मी आईच्या कडेवर होते असं आई सांगायची. नाव माझं कमल. तुमी कमलताई बोला नायतर आजी बोला, पण मी सांगते ते सगळं लिवा, मधलं काढू नका, कारण एकदा काढलंय लोकांनी आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

त्या पिक्चरचं नाव मी घेणार नाय. फुकटची जाहिरात कशाला. तुमाला कळेलच, सगळ्या मुंबईत भिंती रंगवल्यात त्याच्या. गिरणीचा जमाना, साचेवाला पोरगा, रिळाखात्यातली पोरगी, संप आणि प्रेम. कादंबरीवरून काढलाय. आमच्या चाळीतल्या बायका तीन तीन वेळा बघून आल्या. ती शालन, माझ्या बाजूच्या खोलीतली, ती तर बोलली की कमल, नऊवारी अगदी आपल्या आयांसारखी नेसवलीय गं, आणि तो स्टो, आणि तो भोंगा वाजला तेव्हा मी रडले. मी बोलले रड, भोंग्याला रडायला हरकत नाय, मी पण रडले असते. पुरुष माणसं बोलतात मोर्चा लय भारी घेतलाय. पोरं बोलतात हिरॉईन मस्त. कुणी बोललं हिरॉईन लय गोरी आहे, गिरणीत कुठं एवढी गोरी. म्हंजे ज्याला त्याला काय ना काय सापडलंय, आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत, की तो धोट्याचा सीन. धोट्याचा सीन बघितला का, धोट्याचा सीन बघितला का. आता मी तुमाला धोट्याचं सांगते.

साच्यावर कापड विणतात ना, त्यात धोटा असतो, लाकडाचा, होडीसारखा, दोन्हीकडं टोकदार. त्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचा, आणि तो हाताने निघत नाय पटकन, म्हणून साचेवाला त्या भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, की सुर्रकन धागा तोंडात. दिवसभर हेच. सुताचे तंतू पोटात जायचे, छातीत जायचे, ते वेगळं. पण मुद्दा काय, की धोटा एकट्याचा नसायचा. या पाळीला याचं तोंड, त्या पाळीला त्याचं तोंड. आणि म्हणून आमच्या माणसाला साचाखात्यात घेत नव्हते. सूतखात्यात चालायचं, कचरा उचलायला चालायचं, साच्याला नाय. का, तर याने तोंड लावलेल्या धोट्याला आमी तोंड कसं लावायचं. एवढं सरळ होतं ते. आणि पगार जास्त कुठं, तर साच्यावर.

माझे बाबा सूतखात्यात होते. पण बाबांना साच्याचा नाद. जेवायच्या सुट्टीत जाऊन दारात उभे राहायचे आणि बघायचे, बघून बघून हात शिकला त्यांचा. एकदा काय झालं, माणसं कमी आलेली, सण होता कसला तरी, जॉबरने, म्हंजे खात्याच्या मुकादमाने, बघितलं हा रोज दारात उभा असतो, बोलला ये, उभा राहा त्या साच्यावर. बाबा उभे राहिले. कांडी घातली, तोंड लावलं, धागा ओढला, साचा चालू. बाबा सांगायचे, कमळे, अर्धा दिवस मी विणत होतो आणि माझ्या हातातून कापड निघत होतं, असं बोटभर बोटभर पुढे सरकत. मग दुसऱ्या पाळीचा माणूस आला. त्याला कोणीतरी सांगितलं तुझ्या साच्यावर कोण होता ते. त्याने धोटा उचलला आणि मोरीत टाकला. आणि एका साच्याचा खडखडाट थांबला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, अख्खं खातं बंद. संप केला त्यांनी. माझ्या बापाच्या तोंडाविरुद्ध संप केला. जॉबर धावत आला, बाबांना बोलला जा रे बाबा, जा तुझ्या खात्यात, तुझ्यापायी माझी नोकरी घालवशील. बाबा गेले. साचे चालू झाले.

लोक मला विचारतात, आजी, तुमच्या घराने संप बघितला ना. मी सांगते हो, पण आमच्या घरातला पहिला संप तो नाय ज्याची तुमी पिक्चरं काढता. आमच्या घरातला पहिला संप तो.

मग मोठा संप आला. तेव्हा मी रिळाखात्यात, सूत रिळावर गुंडाळतात तिथं, बदली कामगार होते. काय सांगू तुमाला, त्या संपात आमी सगळे एक होतो हे खोटं नाय. एका टोपातला भात खाल्ला, एकाच्या चुलीवर दुसऱ्याची भाकरी भाजली. बाळाराम म्हणून एक साचेवाला होता, मराठा, मालवणकडचा, बाजूच्या चाळीत राहायचा, तो आमच्या खोलीत येऊन जेवायचा, बाबांच्या ताटाला ताट लावून. आई मला हळूच बोलायची बघ, बघ कसा जेवतोय. आणि हा बाळाराम कोण, तर ज्या दिवशी खातं बंद झालं ना बाबांवरनं, त्या दिवशी बाजूच्या साच्यावर हाच होता. त्याने पण साचा बंद केला होता. तेव्हा पोरगा होता तो. बाबांना माहीत, त्याला माहीत, पण दोघांनी कधी तोंडातून काढलं नाय.

बाबांना वाटायचं, संप मिटला की बदलेल. आता एकत्र जेवलोय, आता कोण बोलणार. संप मिटला की मी साच्यावर उभा राहीन, म्हातारा झालो तरी उभा राहीन. पण संप काय मिटला नाय, आमीच मिटत गेलो. कोण भाजी विकायला बसला, कोण गावी गेला, कोण दारू पिऊन गेला. बाळाराम गावी निघाला कायमचा, तेव्हा बाबांकडे आला, पंच्यात गुंडाळलेला धोटा काढला. शेवटच्या पाळीला तसाच त्याच्याबरोबर घरी आलेला, अर्धी कांडी आत तशीच. बोलला, दादा, हा तुमी ठेवा. बाबांनी घेतला. खूप वेळ हातात धरून बसले. बाळाराम गेल्यावर मला बोलले, कमळे, आता सगळे सारखे झाले बघ, आता कोणालाच साचा नाय. आणि धोटा फळीवर ठेवला. त्याला त्यांनी तोंड कधी लावलं नाय. मी बोलले पण एकदा, लावा की बाबा, आता कोण बघतंय. ते बोलले, तेव्हा लावू दिलं नाय, आता कशाला लावू. असा होता माणूस, मऊ बोलायचा पण मोडायचा नाय.

त्याच संपाच्या टायमाला एक लेखकसाहेब यायचे आमच्याकडे. दादरचे, कॉलेजात शिकवायचे, तेव्हा तरुण, खांद्याला झोळी. चहा प्यायचे, ऐकायचे, चांगले ऐकायचे हां, खोटं कशाला बोलू. बाबांनी त्यांना हे सगळं सांगितलं. मी चहा दिलाय त्यांना या हाताने. मग ते यायचे बंद झाले, मी विसरून गेले.

गिरणी सुटल्यावर मी गिरगावात बायंडिंगच्या कारखान्यात लागले. छापून आलेले कागद असतात ना मोठे मोठे, त्याच्या घड्या घालायच्या, घडी दाबायला एक पट्टी असायची, दिवसभर ती फिरवायची. लोकांच्या कादंबऱ्या मी घड्या घालून घालून काढल्या, वाचली एक नाय. माझ्या बाजूला बसणारी एक मुलगी वाचायची घडी घालता घालता, ती एकदा बोलली, कमलताई, यात तुमच्या चाळीसारखी चाळ आहे बघा. बघते तर काय. लेखकसाहेबांचं पुस्तक. आणि त्यात एक म्हातारा, सूतखात्यातला, आणि त्याच्या तोंडी ते सगळं, साचा, मोरीत टाकलेला धोटा, बंद पडलेलं खातं. अर्धं पान. बाकी सगळी ती पोरगा-पोरगीची गोष्ट, पण हे अर्धं पान आमचं होतं. एक खराब निघालेला कागद मी मागून घेतला आणि घरी येऊन बाबांना वाचून दाखवला. तेव्हा बाबांची नजर गेलेली. ऐकलं त्यांनी, परत वाच बोलले, मी परत वाचलं. बोलले, नाव नाय टाकलं तरी चालेल, गोष्ट राहिली ना, बस झालं. त्याच्यानंतर फार जगले नाय ते. पण ते समाधान घेऊन गेले की गोष्ट राहिली. हे लक्षात ठेवा तुमी, कारण माझा राग इथला आहे.

आता पिक्चर, त्याच पुस्तकावरनं काढलेला. गिरणी कामगारांसाठी खास खेळ ठेवला होता दादरला, फुकट. गजरे दिले आमाला दारात. लेखकसाहेब स्टेजवर, म्हातारे झालेत, अंगावर शाल. माझी नात प्रज्ञा माझ्या बाजूला. सुजाताची मुलगी ती, माझ्या लेकीची, शिकलेली, बँकेत आहे. मी वाट बघतेय, आता म्हातारा येईल, आता बाबा येतील. म्हातारा आलाच नाय. काढूनच टाकलेला म्हातारा. आणि मग ती पोरगी डबा घेऊन साचाखात्यात येते, हसते, साच्यावरचा धोटा उचलते, ओठ लावते, धागा ओढते, आणि तो पोरगा तिच्या हातातनं धोटा घेतो आणि जिथं तिचे ओठ लागले बरोबर तिथं आपले ओठ लावतो, आणि गाणं चालू. थिएटरात शिट्ट्या. बायका रडतायत. माझ्या नातीने माझा हात घट्ट धरला, बोलली, आजी, किती गोड ना.

गोड. ज्या तोंडामुळे माझ्या बापाला खात्यातून हाकलला, त्या तोंडाचं यांनी गाणं केलं. कोणी कोणाचं उष्टं चालवून घेतलं त्या खात्यात? विचारा ना मला. मी नाय बोलत की प्रेम दाखवू नका, दाखवा, आमी पण प्रेमं केली. पण धोटा घेतलात आणि म्हातारा टाकलात? सुपारी स्वतः खाल्ली आणि नुसत्या पानाला चुना लावून आमच्या हातात दिलं.

बाहेर आले तर एक पोरगी माईक घेऊन. आजी, कसा वाटला पिक्चर? मी बोलले खरं सांगू? बोलली हो, खरंच सांगा. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाबा, मोरी, जॉबर, अर्धं पान. रागाने माझा आवाज फुटला, डोळ्यातनं पाणी आलं. मला रागाने पाणी येतं, लहानपणापासून. ती पोरगी मान डोलवत होती, मागे कॅमेरा चालूच. मला वाटलं, चला, निदान इथं तरी गेलं. मग मी लेखकसाहेबांना गाठलं. ओळखलं त्यांनी, तुमच्याकडचा चहा आठवतो बोलले. मी बोलले, आणि म्हातारा? खाली बघून बोलले, कमलताई, मी त्यांना सांगून बघितलं, पण सिनेमाचं माध्यम वेगळं असतं. मी बोलले, साहेब, माध्यम असेल वेगळं, बाप माझा तोच आहे. शालीला हात लावत उभे राहिले. माणूस वाईट नाय तो, पण त्याला स्टेजवर बोलावलं होतं ना.

आणि दुसऱ्या दिवशी शालन धावत आली, कमल, टीव्हीवर आलीस तू. काय दाखवलं माहितेय? माझं तोंड, मी पदराने डोळे पुसतेय, आणि एकच वाक्य ठेवलेलं, मला माझ्या बाबांची आठवण आली. बस. मागे तेच गाणं. खाली लिहिलेलं, गिरणीच्या आठवणीने आजी गहिवरल्या. अख्खी चाळ माझं अभिनंदन करायला. प्रज्ञाने फोनवर टाकलं, माझी आजी म्हणून. लोकांनी खाली लिहिलेलं, आजी किती गोड, आजीला नमस्कार, आजी रडली म्हणजे पिक्चर खरा. बघा आता. माझ्याच तोंडाने माझ्या बापाला खोटं पाडलं. पिक्चर खरा आहे याचा दाखला मी दिला असं झालं. मी दोन घास जेवले नाय त्या दिवशी.

प्रज्ञाचं लग्न ठरलंय. मुलगा निखिल, तिच्याच बँकेतला, मराठा, त्याचे आजोबा वरळीकडच्या गिरणीत साचेवाले होते. घरच्यांनी हो बोललंय, माणसं चांगली आहेत, आमच्याकडे येऊन जेवून गेली, मी काय वाईट बोलणार नाय. तर ही दोघं आली, आणि प्रज्ञा बोलते, आजी, तो फळीवरचा पणजोबांचा धोटा दे ना, लग्नाआधीचे फोटो काढायचेत, सगळे तो सीन करतायत, बाजारात नवे मिळतात चमकी लावलेले, पण आपल्याकडे खरा आहे. तिचा दोष नाय. तिला आमी सांगितलंच नव्हतं कधी, चांगले दिवस आलेत, पोरांच्या मनावर कशाला ओझं, असं वाटायचं. पण त्या दिवशी मी बोलले, खाली बसा दोघं. आणि सांगितलं, जसं तुमाला सांगितलं तसं. प्रज्ञा पांढरी पडली. बोलली, आजी, तू टीव्हीवर हेच बोलली होतीस? मी बोलले हेच. तिने फोन काढला आणि ते टाकलेलं पुसून टाकलं तिथल्या तिथं.

निखिल बोलला, आजी, आमच्या आजोबांच्या गिरणीत असं नसेल. मी बोलले, जा, विचार. मी नाय सांगत, तूच विचार, आजोबा, तुमच्या धोट्याला आमच्या माणसाचं तोंड चाललं असतं का.

तो पुढच्या आठवड्यात आला. दारातच उभा. प्रज्ञा बोलली, विचारलंस? बोलला, विचारलं. मग? तो बोलला, आजोबा बोलले, पिक्चर चांगला आहे, कपडे त्या काळचे बरोबर घेतलेत. प्रज्ञा बोलली, एवढंच? बोलला एवढंच, आणि टीव्हीचा आवाज मोठा केला त्यांनी.

म्हंजे कळलं ना तुमाला. माहीत नसतं तर म्हाताऱ्याने विचारलं असतं, कसला धोटा, कसलं तोंड. नाय विचारलं. पिक्चर चांगला आहे बोलला. मला लय संताप आला. लग्न मोडावं असं पण आलं मनात, खोटं नाय बोलत. पण त्या पोराचे डोळे भरलेले होते, आणि तो काय गोडगोड करून सांगू शकला असता ना, आजोबा रडले, आजोबांनी माफी मागितली. नाय केलं. जसं होतं तसं येऊन सांगितलं. पिक्चरवाल्यांपेक्षा बरा तो.

आणि प्रज्ञा उठली. स्टुलावर चढली, फळीवरचा धोटा काढला, ओढणीने पुसला. मी बोलले काय करतेस. तिने आत बघितलं, कांडीचं टोक शोधलं, सूत पिवळं पडलेलं, मला वाटलं तुटणार. तिने भोकाला तोंड लावलं आणि श्वास ओढला. पहिल्यांदा काय नाय आलं. परत ओढला, आणि ठसका लागला तिला, एवढा ठसका, डोळ्यातनं पाणी, आणि ओठावर धागा. निखिलने हात पुढे केला, देऊ का पाणी म्हणून केला का धोट्यासाठी केला मला ठाऊक नाय, पण तिने धोटा त्याच्या हातात दिला नाय. सरळ बाबांच्या फोटोसमोर ठेवला. बोलली, आपल्या घरचं तोंड लागलं, पणजोबा. फोटो काढला नाय कोणी.

लग्न विहारात आहे. निखिलचे आजोबा येणार, त्यांना मी पुढच्या खुर्चीवर बसवणार, चहा माझ्या हाताचा देणार, आणि एकदा त्यांच्या डोळ्यात बघणार, बस, त्याच्यापुढे काय नाय करणार. मंगल होवो सगळ्यांचं, पोरांचं होवो, त्या म्हाताऱ्याचं पण होवो. माझा राग काय जाणार नाय आता या वयात, तो राहू द्या माझ्याकडे. धोटा फोटोपुढेच आहे, धागा बाहेर लोंबतोय, शालन बोलते आवरून ठेव, धूळ बसेल, मी हात लावू देत नाय कोणाला. आणि तुमी हे लिवलंत ना, आता मला वाचून दाखवा पहिल्यापासून. सूतखात्यातला म्हातारा आहे ना त्यात, ते मला ऐकायचंय.